धर्मग्रामाच्या कामात हात लावायचा आहे? मराठवाड्यातल्या कॅथलिक घरांतून नेहमी येणारे प्रश्न

आमच्या धर्मग्रामात रविवारच्या वाचकांची यादी लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुटला की चर्चच्या पायरीवर चपला शोधता शोधता लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. काम करायची इच्छा पुष्कळांना असते. कुणी बोलावत नाही म्हणून ते मागच्या बाकावर बसून राहतात, आणि पुढचे म्हणतात की कुणी पुढे येत नाही. हे प्रश्न आणि उत्तरं त्या मागच्या बाकासाठी लिहिली आहेत.

धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारतच ना?

इमारत ही एकत्र जमण्याची जागा. धर्मग्राम म्हणजे ठरलेल्या हद्दीत राहणारी सगळी श्रद्धावंत घरं आणि बिशपांनी त्यांची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली ते फादर. १९८३ सालच्या चर्चच्या कायद्यात धर्मग्रामाची व्याख्या माणसांच्या समुदायापासूनच सुरू होते. छप्पर गळत असलं तरी धर्मग्राम असतो; घरं एकमेकांना ओळखेनाशी झाली, की मग काळजी करायची.

आपल्याकडची हद्द मोठी असते. वसईसारखं पायी पाच मिनिटांवर चर्च इथे फार थोड्यांच्या नशिबी. एकेका धर्मग्रामात कितीतरी गावं, वाड्या, वस्त्या. याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, निजामाच्या राज्यात, संत फ्रान्सिस दि सेल्स यांचं नाव लावणाऱ्या संस्थेचे फ्रेंच मिशनरी इकडे आले. घोगरगावला फादर गुरियन जाकिये राहिले, आणि आजही तिथली माणसं त्यांचं नाव घेतात. त्यांनी काम केलं ते गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत. शहरातली शाळा, कॅथेड्रल हे सगळं नजरेत भरतं, पण आपला समाज वाढला तो खेड्यांतून. औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा प्रदेश, वेगळा झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९७७ साली.

आम्ही नोकरीसाठी नव्याने इथे राहायला आलो आहोत. नाव नोंदवायला काय लागतं?

खरं तर काहीच नाही. तुम्ही ज्या हद्दीत राहता त्या धर्मग्रामाचे तुम्ही आपोआप सभासद होता. तरीही फादरांच्या ऑफिसात जाऊन कुटुंबाचा फॉर्म भरून या. सोबत बाप्तिस्म्याचे दाखले असले तर न्या, नसले तरी अडून बसू नका. पत्ता, फोन नंबर, घरात कोण कोण आहे, कुणाचा कोणता संस्कार झाला आहे, एवढं लिहिलं की काम झालं. घरात कुणी आजारी, अंथरुणाला खिळलेलं असेल तर ते आवर्जून सांगा. त्यांच्यासाठी ख्रिस्तशरीर (मिस्सात पवित्र केलेली भाकर) घरी नेता येतं, पण कळलं तरच.

इथे स्वतःचं एक सांगते. लग्नानंतर आम्ही एका शहरात राहायला गेलो. तिथल्या चर्चमध्ये जवळपास वर्षभर दर रविवारी जात होतो. एकाही माणसाने नाव विचारलं नाही. मिस्सा संपला की सगळे आपापल्या ओळखीच्या घोळक्यात, आणि आम्ही दोघं लेकरू कडेवर घेऊन फाटकाकडे. मी मनातून इतकी खट्टू झाले होते की घरीच रोझरी (माळेची प्रार्थना) म्हणून घेऊ असं म्हणायला लागले होते. तेव्हापासून अनोळखी चेहरा दिसला की मी यादी बाजूला ठेवते आणि आधी त्यांच्याकडे जाते. तुम्ही जुने असाल तर तुम्हीही जा. "जय ख्रिस्त, कोणत्या गावचे?" एवढं पुरतं.

दर रविवारी मिस्साला येतो. तेवढं पुरेसं नाही का?

मिस्सा हा सगळ्याचा गाभा आहे, त्यात काही उणं नाही. आजारपण, शिफ्टची नोकरी, घरातली म्हातारी माणसं यांमुळे ज्यांना तेवढंच जमतं त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण ज्यांना जमतं त्यांनी एक तरी काम धरावं असं मला मनापासून वाटतं. एकच धरा. पहिल्याच उत्साहात गायन, युवक संघ, धर्मशिक्षण, सजावट असं चारही ठिकाणी नाव देणारी माणसं नाताळपर्यंत टिकतात आणि राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होईपर्यंत, दिसेनाशी होतात. मिस्साआधी सतरंज्या अंथरणं हे एक काम वर्षभर केलेला माणूस मला त्यापेक्षा जवळचा वाटतो.

वाचन करायची इच्छा आहे, पण चारचौघांत बोलायची सवय नाही. शिक्षणही कमी आहे.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

आमच्या आजीच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई. लोक गुडघ्यावर बसून रोझरी म्हणत आणि घंटा वाजली की मान खाली घालत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकांच्या भाषेला वाट करून दिली, आणि देवाचा शब्द वेदीवरून मराठीत ऐकू येऊ लागला. तो वाचायचा मान तुमचा-माझा आहे. शुभवर्तमान फादर किंवा डीकन (फादरांच्या आधीच्या पायरीचे दीक्षित सेवक) वाचतात. पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना हे आपलं काम.

एक ताई आमच्याकडे आली. सातवीपर्यंत शिकलेली, कापूस वेचायला जाणारी. पहिल्या खेपेला तिला फक्त एक प्रार्थना दिली, तीन ओळींची. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये आम्ही दोघीच होतो. तिने कागद धरला आणि म्हणाली, "मावशी, हात थरथरायलेत माझे." मी म्हटलं, कागद स्टँडवर ठेव आणि दोन्ही हात स्टँडच्या कडेला धर. तिने तसं केलं. मग ओळीत जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलने बारीक रेघा मारल्या. पुढे एका वाचनात 'थेस्सलनीकाकरांस' या शब्दावर ती तीनदा अडली, म्हणून तो तोडून लिहून दिला: थेस्-सल-नी-का-करांस. चार महिन्यांनी तिने पेंटेकॉस्टचं (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाचं) पहिलं वाचन केलं, ते पार्थी, मेदी, एलामी अशा नावांचं. मागच्या ओळीपर्यंत एकेक अक्षर ऐकू आलं.

म्हणून सांगते: वाचन आदल्या रविवारीच मागून घ्या. घरी मोठ्याने तीनदा वाचा, त्यातलं एकदा तरी कुणाला तरी ऐकवा. अवघड नाव आलं तर फादरांना विचारा, त्यात कमीपणा नाही. वाचताना घाई नको. माईकपासून वीतभर अंतर ठेवा. वाचनाची सवय व्हावी म्हणून 'निरोप्या' मासिकातलं एखादं पान रोज मोठ्याने वाचलंत तरी चालेल. १९०३ पासून ते मराठी कॅथलिक घरांत येतं आहे, त्यामुळे शब्द आपल्या ओळखीचे असतात. आणि ज्यांना अक्षर लागत नाही त्यांनी स्तोत्राचं पालुपद पाठ करून गावं. तेही देवाच्या शब्दाचंच काम आहे.

गाता येतं, पेटी वाजवता येते. पण आम्हाला भजनाची चाल येते, चर्चमधली येत नाही.

या, या! मराठवाड्यात टाळ-मृदंगाचं वळण घराघरांत आहे आणि आपल्या भक्तिगीतांत ते फार शोभून दिसतं. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. मिस्सात गाणं प्रसंगाला धरून असावं: प्रवेशाचं वेगळं, अर्पणाचं वेगळं, ख्रिस्तशरीराच्या वेळचं वेगळं. आणि प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, 'आलेलुया' गायचं नाही, 'गौरवगीत'ही रविवारी म्हणायचं नाही. बाकी चाल बसवायला शनिवारची संध्याकाळ आहेच. लोकांना सोबत म्हणता येईल अशीच पट्टी घ्या. गायकाचा आवाज कितीही गोड असो, मंडळी गप्प बसून नुसतं ऐकत राहिली तर काहीतरी चुकलं आहे.

आमच्या गावात चर्च नाही. फादर महिन्यातून एकदा येतात. आम्ही कसला सहभाग घेणार?

खरं सांगू? धर्मग्राम टिकतो तो तुमच्यासारख्या गावांमुळेच. फादर तीस-चाळीस किलोमीटरवरून येतात, मिस्सा करतात आणि पुढच्या गावाला जातात. उरलेले एकोणतीस दिवस तुमचे असतात.

जुन्या काळी हे काम धर्मशिक्षक करत. गावात त्यांना मास्तरच म्हणत. प्रार्थना शिकवणं, आजाऱ्यांकडे जाणं, बाप्तिस्म्याची तयारी करून घेणं, फादर नसताना माती देताना प्रार्थना म्हणणं, सगळं तेच बघत. पगार नावापुरता. आपल्यापैकी कितीतरी घरांना 'हे आमचे बापा' या मास्तरांनीच शिकवलं. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाचं काम ही चर्चमधली अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली, तेव्हा मला आमच्या गावचे मास्तर आठवले आणि डोळे भरून आले.

सुरुवात अशी करा. पाच-सात घरं ठरवा. आठवड्यातला एक वार ठरवा. बाजाराचा दिवस टाळा. दर वेळी वेगळ्या घरी जमा. एक स्तोत्र, येत्या रविवारचं शुभवर्तमान, मग दोन मिनिटं शांतता. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने त्यातला मनात राहिलेला शब्द सांगायचा. उपदेश कुणी कुणाला करायचा नाही, हा नियम कडक पाळा. शेवटी गावातल्या कुणाला काय हवं आहे ते बोला: कुणाचं रेशनकार्ड अडलं आहे, कुणाची सून बाळंतपणाला आली आहे, कुणाच्या दारात टँकरचं पाणी पोचत नाही. यालाच छोटा ख्रिस्ती समूह म्हणतात. चहा ठेवायचा की नाही हे आधीच ठरवा, नाहीतर ज्यांच्या घरी साखर नाही ते बोलवायचे थांबतात. आम्ही चहा बंदच केला. पाणी आणि गुळाचा खडा, सगळ्यांच्या घरी सारखं.

दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जातो, परत येतो तोवर ईस्टर आलेला असतो. लेकरांचं धर्मशिक्षण कसं व्हायचं?

बीडकडच्या आणि आसपासच्या कितीतरी घरांचा हा प्रश्न आहे. तो लेकरांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. वर्ग जूनपासून धरले तर निघायच्या आधी चार-पाच महिने मिळतात. म्हणून पहिल्या ख्रिस्तशरीराची आणि दृढीकरणाची (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) तयारी पावसाळ्यातच उरकावी, असा आग्रह तुमच्या फादरांकडे धरा. आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या लेकरांना शेजारच्या घराने आपल्या लेकरांसोबत वर्गाला आणावं. जी लेकरं फडावर जातात त्यांच्यासोबत प्रार्थनांची वही द्या. आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या जवळच्या चर्चचा फोन नंबर जाण्याआधी फादरांकडून लिहून घ्या. नाताळच्या रात्री कोपीवर (फडावरच्या झोपडीवर) कुणी मेणबत्ती आणि दोन करंज्या घेऊन आलं, तर ते लेकरू ती गोष्ट जन्मभर सांगतं.

बायकांनी काय करायचं? सजावट आणि स्वयंपाक एवढंच?

अजिबात नाही. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चचा कायदा बदलून वाचक आणि वेदीसेवक (वेदीपाशी फादरांना मदत करणारे) या अधिकृत सेवा स्त्रियांसाठीही खुल्या केल्या. धर्मग्राम परिषदेत, वित्त समितीत स्त्रिया बसू शकतात, आणि बसायला हव्यात. गावाकडे दारू, मुलींची लवकर लग्नं, बचत गट यांवर कुणी चिकाटीने काम केलं असेल तर ते सिस्टरांनी आणि महिला मंडळांनी. तरी सभेत बाई बोलायला उठली की पुरुष मागे वळून बघतात, हे मी अजून पाहते. उठायचं आणि बोलायचं.

धर्मग्राम परिषद आणि वित्त समिती यांत फरक काय? आम्हाला त्यात जाता येतं का?

परिषद ही धर्मग्रामाच्या सगळ्या कामात फादरांना सल्ला देते. वित्त समिती पैशाचा हिशेब बघते, आणि ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे असं चर्चचा कायदा सांगतो. दोन्हींचं मत सल्ल्याच्या स्वरूपाचं असतं, अंतिम निर्णयाची जबाबदारी फादरांची. यावर काही लोक हिरमुसतात. माझा अनुभव असा की नीट तयारी करून, आकडे घेऊन, राग न धरता मांडलेलं म्हणणं बहुतेक वेळा ऐकलं जातं. सभासद कसे निवडायचे ते प्रत्येक धर्मप्रांत ठरवतो. तुमच्याकडची पद्धत ऑफिसात विचारा. बँकेचं काम, दुकानाची वही, बचत गटाचा हिशेब ज्यांना जमतो त्यांनी वित्त समितीसाठी नाव जरूर द्यावं.

वर्गणी किती द्यायची? देता आली नाही तर?

जमेल तेवढी, आणि जमलं नाही तर नाही. संस्कारासाठी काही अर्पण देण्याची रीत आहे, पण पैसे नाहीत म्हणून गरिबाचा संस्कार अडता कामा नये, हे चर्चच्या कायद्यातच लिहिलं आहे. सोयाबीन निघाल्यावर पोतंभर धान्य देणारी घरं आहेत, सणाला कोंबडी देणारी आहेत. दुष्काळाच्या सालात कुणी काही देऊ शकत नाही, तेव्हा श्रमदान असतं. दिलेल्या पैशाची पावती मात्र मागून घ्या आणि वार्षिक हिशेब वाचला जातो तेव्हा हजर राहा.

घरात एक जण कॅथलिक, एक जण दुसऱ्या मंडळीचा. कसं करायचं?

मराठवाड्यात हे घरोघरी आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या बेथेलपासून इथे प्रॉटेस्टंट मंडळ्यांचीही जुनी मुळं आहेत. तीच सोयरीक, तेच आडनाव, चर्च दोन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपण खरा मानतो. कॅथलिक व्हायचं ठरवलं तरी तो पुन्हा करत नाहीत. अशा लग्नासाठी बिशपांची परवानगी लागते, तेव्हा फादरांना तारीख ठरवण्यापूर्वी भेटा, मांडववाल्याला आगाऊ पैसे देण्याच्याही आधी. ख्रिस्तशरीर मात्र एरवी कॅथलिकांनाच दिलं जातं. हे बोलताना शब्द जपून वापरावेत, कारण समोर आपलाच जावई उभा असतो.

शेजारचे हिंदू, बौद्ध मित्र नाताळला मिस्साला आले तर चालतं का?

आनंदाने आणा. फक्त आधी एक गोष्ट समजावून सांगा. रांग पुढे सरकते तेव्हा प्रसाद वाटतात असं समजून कुणीही सरळपणाने हात पुढे करतं. मग देणाऱ्याला नाही म्हणावं लागतं आणि पाहुणा ओशाळतो. आपल्यासाठी ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे, तयारी करून घेण्याचा संस्कार आहे, हे घरूनच सांगून निघावं. बऱ्याच ठिकाणी छातीवर हात जोडून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात. मिस्सानंतर केक आणि करंजी सगळ्यांना आहे, तिथे हात आखडू नका.

मी ख्रिस्ती घरातला नाही. मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. जातीच्या दाखल्याचं काय होईल?

दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगवेगळी उत्तरं देते.

बाप्तिस्मा मागितला आणि लगेच मिळाला, असं मोठ्या माणसांच्या बाबतीत होत नाही. प्रार्थना, शिकवण, मंडळीत येणं-जाणं अशी बऱ्याच महिन्यांची तयारी असते, आणि शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री संस्कार होतो. आमिषाने किंवा धाकाने कुणाला आणणं चर्चच्या शिकवणीतच बसत नाही. मनाची खात्री हवी, आणि ती तुमची स्वतःची हवी. घरच्यांशी बोला, फादरांशी मोकळेपणाने बोला, सरकारी नियम काय आहेत तेही विचारून घ्या.

दाखल्याबद्दल लपवण्यासारखं काही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती माणसाला तो नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेठबिगारी आणि शिवाशिव भोगली, त्यांच्या लेकरांना चर्चच्या दारात आल्यावर हा तिढा समोर येतो, आणि तो अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्याविरुद्ध समाज कित्येक वर्षं मागणी करतो आहे. पण आज कायदा असा आहे, आणि तो माहीत असूनच पाऊल टाकावं. अंधारात ठेवून कुणाला बाप्तिस्मा देऊ नये.

चर्चमध्येही जात बघतात का?

बघू नये, पण काही ठिकाणी बघतात. लग्नं जुळवताना ती दिसते, कधी कोण पुढे बसतं त्यात दिसते, कधी एका समाजाच्या माणसाने परिषदेत बोलल्यावर पडणाऱ्या शांततेत दिसते. भारताच्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचं त्यात म्हटलं. तुमच्या वाट्याला असं काही आलं तर गप्प बसून चर्च सोडू नका. फादरांना सांगा; तिथे ऐकलं नाही तर बिशपांना लेखी कळवा. आणि तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या वाट्याला आलं, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

लेकरांना वेदीसेवेला, शिबिराला पाठवायची भीती वाटते.

आईबापांनी हे विचारलंच पाहिजे. शिबिरात किती मोठी माणसं आहेत, मुलींसोबत कोण राहणार, रात्री झोपायची व्यवस्था कुठे, हे आधी विचारा. कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्या लेकराला बंद खोलीत घेऊन बसू नये, मग ते फादर असोत, सिस्टर असोत की मी. लेकराने काही सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने असा गुन्हा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लेकरांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. चर्चची बदनामी होईल म्हणून दाबून टाकणं हे पाप आहे.

बाप्तिस्म्याचा दाखला सारखा नवा का मागतात? घरी जुना आहे की.

कारण दृढीकरण आणि लग्न यांची नोंद मूळ बाप्तिस्मा वहीतच, तुमच्या नावासमोर करतात. लग्नाच्या वेळी ताजा उतारा पाहिला की तुमचं आधी लग्न झालेलं नाही हे कळतं. ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तिथूनच तो मिळतो. जुन्या वह्यांत नावं वेगवेगळी लिहिलेली सापडतात, म्हणून आईचं नाव आणि अंदाजे साल सांगा. धर्मपिता-धर्ममाता निवडताना एवढं पाहा: वय सोळा पूर्ण, दृढीकरण झालेलं, आणि स्वतःचे आईबाप नकोत.

हरेगावच्या यात्रेला धर्मग्रामातून जाता येतं का?

दर सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मसणाच्या सुमारास, आपल्याकडून गाड्या भरून जातात. काही जण पायी निघतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरजवळची ही मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते, आणि तिथे कुणाची जात-धर्म कुणी विचारत नाही. मदत करायची असेल तर वाटेतल्या मुक्कामाची, पाण्याच्या टाकीची, म्हाताऱ्यांच्या औषधांची जबाबदारी घ्या. ट्रकच्या टपावर लेकरं बसवू नका, हे मी दर वर्षी सांगते आणि यंदाही सांगणार.

मधली बरीच वर्षं चर्चला गेलोच नाही. भांडण झालं होतं. आता कोणत्या तोंडाने जायचं?

आहे त्या तोंडाने या. मागच्या बाकावर बसा. पापनिवेदनाला फादरांना वेळ मागा. खूप वर्षं झाली असं सांगितलं की ते स्वतःच हात धरून पुढे नेतात. चर्चमध्ये लग्न लागलेलं नाही किंवा दुसरं लग्न आहे म्हणून लोक लांब राहतात, त्यांनीही मिस्साला यावं. ख्रिस्तशरीर घेण्याबद्दल फादरांशी एकांतात बोलावं. पुष्कळदा वाटतं त्यापेक्षा मार्ग सोपा निघतो. कुणी टोमणा मारलाच तर तो त्याच्यापाशी राहू द्या.

रात्री-अपरात्री घरात मयत झाली तर कुणाला कळवायचं?

आधी एक विनंती: माणूस बोलता-ओळखता असतानाच फादरांना बोलवा. आजाऱ्याचा तैलाभ्यंग, म्हणजे तेल लावून त्याच्यासाठी करायची प्रार्थना, हा जिवंत माणसाचा संस्कार आहे. मरणाचा कागद समजून लोक तो शेवटच्या घटकेपर्यंत लांबवतात आणि मग उशीर होतो.

मयत झाली की फादरांना आणि तुमच्या समूहाच्या प्रमुखाला फोन करा, बाकीच्यांना ते कळवतात. सरकारी नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची, चर्चच्या वहीत वेगळी. खड्ड्याचं काम आमच्याकडे युवक संघ बघतो. उन्हाळ्यात काळी माती इतकी तडकलेली असते की पहार मारली की हाताला झिणझिण्या येतात, आणि पावसाळ्यात निम्मा खड्डा खणेपर्यंत पाणी चढतं. गेल्या आषाढात चार पोरं पहाटे तीनपासून बादल्यांनी पाणी उपसत होती, कंदिलाच्या उजेडात. त्यांतली दोन पोरं एरवी मिस्साला फाटकाबाहेरच उभी असतात. त्या सकाळी प्रार्थना सुरू झाली तेव्हा चिखलाच्या पायांनी ती सगळ्यांच्या पुढे उभी होती, आणि कुणी त्यांना मागे व्हा म्हणालं नाही.

त्या घरात दोन-तीन दिवस चूल पेटत नाही. पिठलं-भाकरी शेजारच्या घरांतून जाते. तुम्हाला काहीच जमत नसेल तर एवढं करा: डबा द्या, आणि तो लगेच परत मागू नका. आठवडाभराने डबा न्यायला म्हणून जा आणि थोडा वेळ बसा.